कोची: वार पाहून जा, पाण्यावरून फिरा

कोचीहून परतलेल्या बऱ्याच जणांच्या दोन तक्रारी असतात. मट्टांचेरीचा राजवाडा नि सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनास्थळ) यांची दारं बंद मिळाली, आणि निम्मा दिवस पुलांवरच्या गर्दीत गेला. पहिली चूक वाराची आहे, दुसरी वाटेची. दोन्ही घरबसल्या टाळता येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी वार

मट्टांचेरीचा राजवाडा, ज्याला सगळे डच पॅलेस म्हणतात, शुक्रवारी बंद असतो. त्याला लागूनच असलेलं परदेशी सिनेगॉग शुक्रवार आणि शनिवार बंद, शिवाय यहुदी सणांना बंद. हे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकापाठोपाठ येतात, म्हणजे नेमके आपल्या दसऱ्याच्या सुट्टीच्या आसपास. त्रिप्पुणितुराचा हिल पॅलेस आणि फोर्ट कोचीतलं इंडो-पोर्तुगीज संग्रहालय सोमवारी बंद. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असते, तेव्हा नुसतं बघायला आत जाता येत नाही; मसाल्याच्या घाऊक बाजारातही रविवारी सामसूम असते. राहिले मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. जमत असेल तर मुक्काम या तीन दिवसांतच बसवा.

मुंबई-पुण्याचा माणूस शुक्रवारी रात्री निघतो, शनिवार-रविवार फिरतो आणि सोमवारी कामावर हजर होतो. कोचीसाठी हा सगळ्यांत वाईट बेत. तरीही तेवढीच सवड असेल तर शनिवारी फोर्ट कोची आणि राजवाडा, रविवारी सकाळी हिल पॅलेस, आणि रविवारी दुपारी तीनला सिनेगॉग असं लावा.

हंगामाचं म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून उकाडा वाढतो. तापमानाचा आकडा नागपूरच्या मानाने किरकोळ दिसतो, पण दमटपणामुळे दुपारी चालवत नाही. जूनमध्ये मुख्य पाऊस येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, विजांचा पाऊस बहुतेक दुपारनंतर पडतो, म्हणून त्या महिन्यांत बाहेरचं फिरणं सकाळी उरका. रेनकोटपेक्षा छत्री बरी. रेनकोटाच्या आत घामाने तितकंच भिजायला होतं.

३१ डिसेंबरला फोर्ट कोचीत कोचीन कार्निव्हलची गर्दी असते. मध्यरात्री ‘पप्पाञ्ञी’ नावाचा म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळतात, सरत्या वर्षाची होळीच ती. पाहण्यासारखा सोहळा आहे, पण त्या दिवशी गाड्यांना रस्ते बंद होतात आणि होड्यांपुढे लांबच लांब रांगा लागतात. जायचं असेल तर फोर्ट कोचीतच खोली घ्या आणि दुपारच्या आत तिथे पोचा. एर्नाकुलमला राहून रात्री परतण्याचा विचार करू नका. कलेची आवड असेल तर कोची-मुझिरिस बिनालेच्या तारखा बघा. २०१२ साली सुरू झालेलं हे प्रदर्शन दोन वर्षांनी भरवायचं असतं, पण मध्ये खंड पडलेला आहे. ते डिसेंबरात सुरू होऊन मार्चच्या आसपास संपतं, आणि त्या काळात जुन्या वखारी आतून पाहता येतात, एरवी नाही.

पोचायचं कुठे

रेल्वेचं तिकीट काढताना ‘कोची’ हे नाव शोधत बसू नका. प्रवासी गाड्यांची दोन मोठी स्थानकं आहेत: एर्नाकुलम जंक्शन, ज्याला लोक साउथ म्हणतात, आणि एर्नाकुलम टाउन, म्हणजे नॉर्थ. तिकिटावर यांपैकी कोणतं आहे ते नीट वाचा; दोन्हींमध्ये काही किलोमीटरांचं अंतर आहे आणि परतीची गाडी दुसऱ्या स्थानकावरून असू शकते. आणखी एक घोटाळा नावाचा. ‘कोचुवेली’ म्हणजे कोची नव्हे. ते स्थानक तिरुवनंतपुरमला आहे, कोचीपासून सुमारे २०० किलोमीटर पुढे. आता त्याचं नाव तिरुवनंतपुरम नॉर्थ झालं आहे, पण जुनं नाव अजून बोलण्यात आहे.

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसची नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने थेट एर्नाकुलमला नेते. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल करत येते, त्यामुळे खानदेश आणि नाशिककडच्यांना मुंबईत उतरून गाडी बदलावी लागत नाही. पुण्याहूनही एर्नाकुलमच्या गाड्या आहेत. प्रवास साधारण एक दिवस-रात्रीचा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागू होतं, गाड्या सावकाश चालतात आणि सुटण्याच्या वेळाही बदलतात. जून ते ऑक्टोबरदरम्यान जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी वेळ पुन्हा तपासावी.

विमानतळ नेडुंबश्शेरीला आहे, एर्नाकुलमपासून सुमारे ३० किलोमीटर. २०१५ पासून हा विमानतळ सगळी वीज सौरऊर्जेवर भागवतो. पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा तो जगातला पहिला. मेट्रो थेट विमानतळात येत नाही. बाहेरून आलुवा मेट्रो स्थानकाची बस मिळते, तिथून मेट्रोने शहरात शिरता येतं. सामान कमी असेल तर हीच वाट घ्या. चारजण आणि मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी परवडते.

शहर कसं मांडलंय

नकाशा एकदा डोक्यात बसला की पुढचं सोपं. पूर्वेला एर्नाकुलम: स्थानकं, मेट्रो, दुकानं, हायकोर्ट. पश्चिमेला समुद्राच्या तोंडावर फोर्ट कोची, आणि त्याच्या दक्षिणेला खाडीकडे पाठमोरी चिकटलेली मट्टांचेरी. फोर्ट कोचीच्या उत्तरेला, जहाजांच्या वाटेपलीकडे, वैपिन बेट. या सगळ्यांच्या मधोमध विलिंग्डन बेट आहे, आणि ते निसर्गाने दिलेलं नाही. १९२० च्या दशकापासून रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने बंदराची वाट खोल करायला घेतली, तेव्हा उपसलेल्या गाळाची भर घालून ते उभं केलं. मुळात हे बंदरही १३४१ च्या महापुराने घडवलं असं मानतात: पेरियार नदीच्या गाळाने जुनं मुझिरिस बंदर बुजलं आणि पाण्याने कोचीपाशी नवं तोंड केलं.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्याने जायचं तर विलिंग्डन बेटावरून, तोप्पुंपडीच्या पुलावरून वळसा पडतो. संध्याकाळी याला तासभरही लागतो. पाण्यावरून तेच अंतर वीसेक मिनिटांचं. म्हणून नियम एकच ठेवा: खाडी ओलांडायची ती होडीने, रिक्षा फक्त त्या-त्या काठावर.

होड्यांचे तीन प्रकार

वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. वातानुकूलित, विजेवर चालणारी बोट, शंभर माणसांची, कोचीन शिपयार्डनेच बांधलेली. हायकोर्ट टर्मिनलवरून फोर्ट कोची आणि वैपिनला जाते. आता मट्टांचेरी आणि विलिंग्डन बेटावरही टर्मिनल झालं आहे. सुरुवातीला भाडं २० ते ४० रुपये ठेवलं होतं. आताचं खिडकीवर दिसेल. बोटीत माणसं मोजून सोडतात, एकही जास्त नाही, आणि अडचण इथेच होते. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी फोर्ट कोचीहून परतणाऱ्यांची रांग इतकी वाढते की दोन-तीन बोटी डोळ्यांदेखत निघून जातात. अशा वेळी रांगेत ताटकळण्यापेक्षा शेजारच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी होडी, पकडून वैपिनला जा. तिथून हायकोर्टची वॉटर मेट्रो किंवा पुलांवरून जाणारी बस मिळते. रात्रीची शेवटची बोट किती वाजता ते जातानाच विचारून ठेवा.

दुसरी राज्य जलवाहतूक खात्याची साधी होडी. एर्नाकुलमच्या मुख्य बोट जेटीवरून, सुभाष पार्कजवळून सुटते आणि फोर्ट कोचीच्या कस्टम्स जेटीला लागते. भाडं दहा रुपयांच्या आत, सुटे पैसे हवेत. बसायला लाकडी बाकं, खिडक्यांना काच नाही, तोंडावर खारा वारा. एक फेरी तरी हिनेच करावी. वॉटर मेट्रोच्या काचेआडून बंदर दिसतं खरं, पण या होडीतून ते जवळून भेटतं: शिपयार्डच्या क्रेन, विलिंग्डनचे धक्के, वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल. विमानवाहू ‘विक्रांत’ याच शिपयार्डमध्ये बांधली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली. नौदलाच्या तळाकडे आणि युद्धनौकांकडे मात्र कॅमेरा वळवू नका, मनाई आहे.

तिसरी रो-रो: फोर्ट कोची ते वैपिन, पाचेक मिनिटांची. गाड्या, स्कूटर, माणसं सगळी एकत्र. माणसांनी गाड्या चढून झाल्यावर चढावं. उताराच्या पत्र्यावर पाणी असतं आणि चप्पल सरकते. खाडीच्या तोंडाशी कधी कधी डॉल्फिनची पाठ वर येते, म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालू नका.

ज्यांना प्रेक्षणीय स्थळ नको, नुसतं पाणी हवं, त्यांनी मेट्रोने व्यट्टिलाला जावं आणि तिथल्या टर्मिनलवरून काक्कनाडची वॉटर मेट्रो घ्यावी. दोन्ही काठांना माड, मधेच एखादं मासेमारीचं जाळं, आणि गर्दी फार नाही. पैसे मोजून घेतलेल्या बऱ्याच ‘बॅकवॉटर सहलीं’हून ही फेरी सरस आहे.

मुक्काम कुठे

फोर्ट कोचीत. एर्नाकुलमची हॉटेलं मोठी आणि स्थानकाजवळ असतात, पण फोर्ट कोचीची खरी वेळ सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, आणि त्या वेळी तुम्ही तिथे असायला हवं. जुन्या घरांत होमस्टे भरपूर आहेत. खोली घेताना तीन गोष्टी विचारा: एसी चालू आहे का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का, आणि खोली तळमजल्यावर आहे की वर. तळमजल्याच्या खोल्यांना ओल येते. डास हा कोचीचा जुना त्रास आहे. मलम घरूनच न्या आणि सूर्यास्ताआधी पायांना लावा. पहाटेची गाडी असेल तर शेवटची रात्र मात्र एर्नाकुलमला काढलेली बरी.

फोर्ट कोची: पायी, सकाळी

चिनी जाळ्यांपासून सुरुवात करा. स्थानिक नाव ‘चीनवल’. ही जाळी चीनशी असलेल्या जुन्या व्यापारातून आली असं कोणी म्हणतं, पोर्तुगिजांनी मकाववरून आणली असं कोणी. बघताना जाळ्याकडे नव्हे, मागच्या बाजूला लटकणाऱ्या दगडांकडे लक्ष द्या. वेगवेगळ्या लांबीच्या दोरांना धोंडे बांधलेले असतात. तोल इतका नेमका साधलेला असतो की एक माणूस मुख्य दांड्यावरून चालत पुढे गेला तरी जाळं पाण्यात उतरतं. वर ओढताना एकेक धोंडा फळीवर टेकत जातो, आणि जाळं जसं उचललं जाईल तसं मागचं वजन कमी होत जातं. चार ते सहा माणसं एक जाळं चालवतात. जाळं पाण्यात काही मिनिटंच राहतं, आणि एका खेपेला फार मासळी लागत नाही. म्हणून तर दिवसभर ते खाली-वर चालू असतं.

जाळीवाले तुम्हाला फळीवर बोलावतील, दोर ओढायला देतील. जरूर जा, फक्त हे फुकट नसतं. किती द्यायचे ते चढण्याआधी हसतखेळत ठरवा, म्हणजे उतरताना कुणाचंच तोंड वाकडं होत नाही. फळ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, लहान मुलाचा हात सोडू नका. सूर्यास्ताला इथे उभं राहायला जागा नसते. छायाचित्रं हवी असतील तर सकाळी या, किंवा संध्याकाळी रो-रोने वैपिनच्या काठावर जा. त्या बाजूलाही जाळी आहेत आणि माणसं कमी.

समुद्रकिनारा म्हणून फोर्ट कोचीकडून अपेक्षा ठेवू नका. वाळू बरीचशी वाहून गेली आहे, आणि पावसाळ्यानंतर खाडीतून वाहत आलेली जलपर्णी काठाला साचते. पोहायचं तर नाहीच. पण काठच्या वाटेवर बसून आत-बाहेर जाणारी जहाजं इतक्या जवळून दिसतात की त्यांची नावं वाचता येतात.

जाळ्यांपासून सेंट फ्रान्सिस चर्च चालत पाच-सात मिनिटांवर. पोर्तुगिजांनी १५०३ मध्ये इथे लाकडी चर्च बांधलं, १५१६ पर्यंत ते दगड-विटांचं झालं. १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज, आणि त्या-त्या वेळी चर्चचा पंथही बदलला. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरलं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण कबरीचा दगड कठड्याच्या आत तसाच आहे. भिंतींना टेकवून उभे केलेले जुने कबरीचे दगड नीट पहा: उत्तरेकडचे पोर्तुगीज, दक्षिणेकडचे डच. डोक्यावरचे कापडी पंखे दोरीने ओढायचे, आणि ओढणारा माणूस भिंतीबाहेर उन्हात उभा असायचा. दोरीसाठीची भोकं शोधा.

तिथून परेड ग्राउंड आणि पर्जन्यवृक्षांच्या सावलीतून सांताक्रूझ बॅसिलिकाला जा. आताची इमारत १९०५ ची. आधीचं कॅथेड्रल इंग्रजांनी पाडलं. बाहेरून पांढरी, साधी. आत छतभर रंगकाम. डच दफनभूमी वाटेत आहे, पण तिला बहुधा कुलूप असतं, फाटकातून पाहून पुढे व्हा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. हे सगळं मिळून दोन-अडीच तास, आणि दहाच्या आत संपायला हवं, कारण मट्टांचेरीला वेळेचं बंधन आहे.

मट्टांचेरी: क्रम चुकवू नका

सिनेगॉग सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते पाच उघडं असतं. बहुतेक लोक रमतगमत राजवाडा पाहून एकला इथे पोचतात आणि दोन तास दुकानदारांच्या तावडीत सापडतात. तेव्हा उलटं करा: आधी सिनेगॉग, मग राजवाडा, कारण राजवाडा दुपारीही उघडा असतो. फोर्ट कोचीहून रिक्षाने दहा मिनिटं, सव्वादहापर्यंत पोचा.

रिक्षा करताना एक सावधगिरी. ‘फक्त पन्नास रुपयांत सगळं फोर्ट कोची दाखवतो’ असं कोणी म्हणालं तर ती फेरी दोन-तीन मोठ्या शोरूममधून जाते. तिथे नुसतं पाऊल ठेवलं तरी चालकाला काही मिळतं. तुमचा वेळ जातो. सिनेगॉगचा भाग म्हणजे ज्यू टाउन. सरळ ‘ज्यू टाउन, दुसरीकडे कुठे नाही’ असं सांगून भाडं ठरवा, किंवा अॅपवरून गाडी बोलवा.

परदेशी सिनेगॉग १५६८ चं. ‘परदेशी’ म्हणजे आपल्या मराठीतलाच अर्थ: स्पेन आणि इतर मुलखांतून हाकलले जाऊन आलेले यहुदी. कोचीच्या राजाने त्यांना स्वतःच्या राजवाड्याला लागून जागा दिली. १६६२ मध्ये पोर्तुगिजांनी ते जाळलं, डचांच्या काळात पुन्हा उभं राहिलं, घड्याळाचा मनोरा १७६० चा. आत गेल्यावर आधी पायाखाली पहा. चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत, त्यामुळे हुबेहूब सारख्या दोन सापडत नाहीत. चपला बाहेर, तोकडे कपडे चालत नाहीत, फोटोबद्दल दारावरची पाटी वाचा. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली यहुद्यांना धर्मविधी शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीचे यहुदी शिक्षक गेले होते. रायगडातल्या वाचकांना हा धागा माहीत असेल. आता इथे यहुदी घरं जवळजवळ उरलेली नाहीत, त्यामुळे आत आवाज हळू ठेवा. हे प्रदर्शन नाही, प्रार्थनास्थळ आहे.

राजवाडा पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधून राजाला भेट दिला, आणि १६६३ नंतर डचांनी डागडुजी केली, म्हणून नाव डचांचं. बाहेरून तो कौलारू चौसोपी वाड्यासारखा दिसतो, आणि बरेच जण ‘एवढंच?’ म्हणत पाच मिनिटांत बाहेर पडतात. इथली दौलत भिंतींवर आहे. राजाच्या शयनगृहात रामायण रंगवलेलं आहे. चित्रं एकमेकांत इतकी गच्च बसवलेली की मोकळी बोटभर जागा सापडत नाही. खालच्या मजल्यावरच्या दालनांत गोवर्धनधारी कृष्ण, शिव आणि मोहिनी. प्रकाश मंद ठेवलेला असतो. उन्हातून आल्यावर डोळे सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा, मग चित्रं उलगडू लागतात. फोटो काढता येत नाहीत, म्हणून वेळ द्या. पाऊण तास तरी.

या भागात मराठी माणसाने न चुकवण्याची जागा म्हणजे चेर्लाई, तिरुमल देवस्वम मंदिराचा परिसर. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती. पाच शतकांनंतरही घरात कोकणी बोलली जाते, मलयाळमचा लहेजा घेऊन, आणि कान दिला तर बरीचशी कळते. ओळखीसाठी कोकणीत दोन शब्द बोलून बघा, माणसं खुलतात. मंदिरात पुरुषांना सदरा काढून मुंडू नेसून जावं लागतं. एर्नाकुलमच्या शिवमंदिरातही तसंच. एक पांढरी लुंगी पिशवीत ठेवली की काम भागतं. जवळच गुजराती रोडवर जैन मंदिर आहे, तिथे दुपारी बाराच्या सुमारास कबुतरांना दाणे घालतात.

संध्याकाळी फोर्ट कोचीत परत येऊन कथकली बघा. प्रयोग साधारण सहाला, पण पाचला जाऊन बसा, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोरच होते. हिरवा चेहरा धीरोदात्त नायकाचा, हे ‘पच्च’. हिरव्यावर लाल-पांढरी चिरी आणि नाकावर गोळा असला तर गर्विष्ठ खलनायक. एवढं कळलं तरी पुढचा तास निसटत नाही. तिकीट थेट केंद्रावर काढा.

खाणं

मासळीची नावं पाठ करून जा, अर्धी लढाई तिथेच जिंकता. नेयमीन म्हणजे सुरमई, अयला म्हणजे बांगडा, मत्ती किंवा चाळ म्हणजे तारली, आवोली म्हणजे पापलेट, चेम्मीन म्हणजे कोळंबी, कूंतळ म्हणजे माकूल. करिमीन खाडीतला मासा, इथला मानाचा. केळीच्या पानात भाजलेला ‘करिमीन पोळ्ळिच्चत’ मागवा, पण काटे बारीक आणि पुष्कळ असतात, मुलांना निवडून द्या. मीन मोइली नारळाच्या दुधातली, सौम्य. तांबड्या मीन करीतला आंबटपणा कुडंपुळीचा: आपल्या कोकमाचीच बहीण, पण सुकवताना धुरावर धरलेली, त्यामुळे वास वेगळा. जाळ्यांजवळच्या टपऱ्यांवर मासा निवडून शिजवून घेताना दोन भाव विचारा: किलोचा आणि शिजवण्याचा. वजन डोळ्यांसमोर करून घ्या. केरळात ९ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोठा मासा बहुधा बर्फातला, तेव्हा खाडीचा मासा मागावा.

शाकाहाऱ्यांसाठी महत्त्वाचं: साध्या खाणावळीत ‘मील्स’ मागितलं की भातावर माशाचा रस्सा आपोआप वाढतात. वाढपी जवळ येण्याआधीच ‘मीन वेंडा’, मासे नकोत, असं सांगा. ‘मती’ म्हणजे पुरे. हा शब्द नसेल तर भाताचा डोंगर होतो. बीफ इथे सर्रास मिळतं. ज्यांना चालत नाही त्यांनी ‘रोस्ट’ किंवा ‘फ्राय’ कशाचं ते विचारून घ्यावं. भात जाड, तांबूस ‘मट्टा’. पहिल्यांदा जड वाटतो, मोइलीबरोबर जमतो. सकाळी अप्पम आणि स्टू किंवा पुट्टू आणि काळ्या हरभऱ्यांची कडला करी. पेल्यात गुलाबी कोमट पाणी आलं तर घाबरू नका, ते पतंग नावाच्या झाडाच्या लाकडासोबत उकळलेलं पाणी आहे, आणि उघड्या पाण्यापेक्षा तेच प्यावं.

तिसरा दिवस असेल तर

मेट्रोने त्रिप्पुणितुराला जा. शेवटच्या स्थानकापासून हिल पॅलेस रिक्षाच्या अंतरावर. कोचीच्या राजघराण्याचा १८६५ चा राजवाडा, आता पुरातत्त्व संग्रहालय. दुपारी मधली सुट्टी असते, म्हणून सकाळी नऊलाच पोचा. चपला बाहेर ठेवून अनवाणी फिरायचं असतं, म्हाताऱ्या माणसांना मोजे द्या.

समुद्रात उतरायचं असेल तर चेराई. रो-रोने वैपिन, तिथून चेराईची बस, आणि फाट्यावरून किनाऱ्यापर्यंत रिक्षा. जीवरक्षक जिथे बसलेले असतात तिथेच उतरा. पावसाळ्यात अजिबात नाही. हाउसबोट हा कोचीचा नव्हे, आलप्पुळाचा विषय. ते ५५ किलोमीटरवर आहे, स्वतंत्र दिवस काढा.

घ्यायचं काय

मिरी घेताना मूठभर हातात घ्या: चांगली मिरी वजनदार लागते. थोडी पाण्यात टाका, पोकळ दाणे आणि मिसळलेल्या पपईच्या बिया वर तरंगतात. वेलची हिरवी, बंद आणि टपोरी. रंग फारच भडक हिरवा असेल तर बोटाला चोळून पहा. दालचिनी म्हणून जाड, एकाच थराची साल मिळाली तर ती कॅशिया. खऱ्या दालचिनीची कागदासारख्या पातळ सालींची गुंडाळी असते. केशर इथलं नाही, घेऊ नका. ज्यू टाउनमधल्या सजवलेल्या दुकानांपेक्षा बाजार रोडवर तोच माल स्वस्त पडतो.

केळ्याचे वेफर समोर तळून देणाऱ्या दुकानातून घ्या, नेंद्रन केळ्याचे, खोबरेल तेलातले. एक खाऊन बघा. तोंडात शिळ्या तेलाचा वास राहिला तर पुढचं दुकान. गरम असताना पिशवीत बांधू देऊ नका, वाफेने मऊ पडतात.

विमानाने परतणाऱ्यांनी सुकं खोबरं घेऊ नये. तेलामुळे ते ज्वालाग्राही धरतात आणि सामानातून काढून टाकायला लावतात. खोबरेल तेल हातातल्या बॅगेत चालत नाही. ते सीलबंद डब्यात घ्या, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा आणि खाली द्यायच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा.